अबोलीच्या वेणीतली पानं

परवा आमच्या डिचोलीच्या कॉलनीत कसलासा सांस्कृतिक दिवस झाला. सगळ्या बायकांनी अबोली रंगाची साडी नेसून यायचं, कारण अबोली हा आपला, म्हणजे गोव्याचा रंग, असा निरोप आठवडाभर आधी फोनवर फिरत होता. मीही गेले. माझ्या वयाच्या बाईला अशा ठिकाणी पुढची खुर्ची मिळते, तेवढाच फायदा. खुर्चीत बसून बघते तर जितक्या बायका तितके रंग. कुणी विटकरी, कुणी गाजरी, आणि एकीनं पुण्याहून मागवलेली साडी तर तापातून उठलेल्या माणसाच्या गालासारखी फिकट गुलाबी. तिकडच्या दुकानात म्हणे त्यालाच अबोली म्हणतात. म्हणोत बापडे. पेडण्याची अबोली ज्यानं पाहिली नाही त्याच्याशी वाद घालून उपयोग नाही. आमच्या अंगणातली अबोली म्हणजे चुलीतल्या निखाऱ्यावर फुंकर घातली की जो रंग वर येतो, तो. बायकांच्या केसांत वेण्या होत्या त्या प्लास्टिकच्या, एका मापाच्या, एका रंगाच्या, आणि त्यांत एकही पान नव्हतं. ते पाहिलं आणि भाषणात माझं लक्ष लागेना. घरी येऊन ही वही काढली. साठ वर्षं हे लिहायचं टाळत आले आहे, आता आणखी टाळण्यात अर्थ नाही.

आमचं घर पेडण्यात, धारगळहून आत गेलं की लागणाऱ्या एका वाड्यावर. मातीच्या भिंती, वर नळ्यांची कौलं, पुढे शेणानं सारवलेलं खळं, म्हणजे अंगण, आणि खळ्याच्या तिन्ही कडांना अबोली. सकाळी पहिला आवाज पोदेराच्या, म्हणजे पाववाल्याच्या, सायकलच्या भोंग्याचा. त्याच्या टोपलीतले उंडे गरम असायचे आणि आम्ही भावंडं जनेलाच्या गजांतून हात बाहेर काढून त्याला हाका मारायचो. दुसरा आवाज बाबांचा. बाबा गावच्या मराठी शाळेत मास्तर. शाळा गावकऱ्यांनी चालवलेली, पोर्तुगीज असताना निम्मी लपून आणि ते गेल्यावर उजळ माथ्यानं. सकाळी दात घासताना बाबा मोठ्यानं कविता म्हणत, त्यामुळे पहिल्या ओळी नेहमी बुडबुड्यांतून यायच्या. तिसरा आवाज आईच्या कळशीचा. ती अबोलीला पाणी घालायची ते मोजून, एकेका झाडाशी बोलत. फुलाचं नाव अबोली म्हणून कुणी त्यावर काव्य करू नये. आमची आई भरपूर बोलायची आणि तिची झाडंही तिच्यासारखीच भरभरून फुलायची. दहा वाजता उकड्या तांदळाची पेज, सोबत खारातली कैरी नाहीतर सुक्या बांगड्याचा तुकडा, आणि मग आम्ही शाळेत. बाबा घरात पुस्तकासारखं मराठी बोलत आणि आम्हीही तसंच बोलावं असा त्यांचा हट्ट. आई मात्र आपल्या तोंडी जी भाषा आली तीच बोलायची. "शालिनी, पेज झाली का?" असं बाबांनी विचारलं की आई आतून म्हणे, "जाली, येवा, निवता ती." दोघांचा संसार असा दोन भाषांत चालला आणि एकानं दुसऱ्याला कधी सुधारलं नाही. मी मात्र बाबांची लेक. मी बाबांसारखं बोलायची, बाबांसारखी उभी राहायची, आणि बाबांना जे वाटे तेच मला वाटे.

आईच्या हाताला गावात एक मान होता. देवीच्या जत्रेला देवीच्या मस्तकावर जी अबोलीची वेणी चढायची ती आमच्या घरात बांधली जायची. आजीच्या आधीपासून हा मान आमच्या घराकडे, आणि आजी गेल्यावर तो आईकडे आला होता. जत्रेच्या आदल्या संध्याकाळी आई आंघोळ करून खळ्यात बसायची. केळीच्या सोपाचा ओला धागा पायाच्या अंगठ्याला अडकवायचा, डाव्या हातात फुलं, उजव्या हातानं गाठ. दर चार फुलांमागे मरव्याची एक दोनपानी डीर, म्हणजे कोवळा शेंडा. फुलं, डीर, फुलं, डीर. वेणी पूर्ण झाली की केळीच्या पानात गुंडाळून ओल्या फडक्यात ठेवायची, आणि मग ती देवीपुढेच उघडायची. मध्ये कुणी उघडून बघायची नाही, अशी रीत. आईला एकदा मी विचारलं होतं की मरवा कशाला, अबोलीला वास नाही म्हणून का? ती म्हणाली, "वासाक न्हय गो. अबोलीचो देठ गुळगुळीत. पान घातलां नाय तर गाठ धरना नाय." मी ऐकलं आणि विसरले. त्या वयात मला गाठीपेक्षा रंगाचं कौतुक होतं.

आता त्या वर्षाचं सांगते. गोव्यानं महाराष्ट्रात विलीन व्हावं की वेगळं राहावं, हे लोकांनी मत देऊन ठरवायचं होतं. विलीन व्हावं म्हणणाऱ्यांची निशाणी फूल, आणि वेगळं राहावं म्हणणाऱ्यांची दोन पानं. आजच्या मुलांना ही गोष्ट सांगितली की ती मान हलवतात आणि फोनमध्ये बघतात, पण तेव्हा घराघरांत त्यावरून ताटं सरकत होती. बाबा फुलाचे. नुसते फुलाचे नव्हे, आमच्या भागातल्या सभांतून ते बोलायला उभे राहत. सायकलच्या दांड्याला ते अबोलीचा एक तुरा बांधत आणि शाळेत आम्हाला सांगत, "हा रंग बघा. गडावरच्या निशाणाचा हाच रंग, पताकांचा हाच रंग. आपण कुठले, हे सांगायला दुसरा पुरावा कशाला?" माझ्या छातीत तेव्हा काहीतरी मोठं होऊन बसायचं. मला वाटायचं की सगळ्या जगाला हे कळलंय, फक्त डिचोलीच्या मामाला कळत नाही.

मामा आईचा धाकटा भाऊ. खाणीवरची माती मुरगावच्या बंदरात नेणाऱ्या बार्जवर तो कामाला होता. त्याच्या सदऱ्याच्या शिवणीत कायम तांबडी धूळ. बंदरात देशोदेशींच्या बोटी बघून त्याचं मत पक्कं झालं होतं की गोवा आहे तसाच बरा, आमचं ते आमच्या हातात राहायला हवं. तो आला की आई तिसऱ्यांची, शिंपल्यांची, कढी करायची आणि ती कढी खाताना मामा आणि बाबा भांडायचे. एकदा रंगावरूनच जुंपली. बाबा आपलं गडावरचं निशाण सांगत होते. मामा म्हणाला, "भावजी, घाटार अशी फुलां मेळतत? वयर जायत तशी ती फिकी जातत. हो रंग आमच्या गोंयचो. तुमी तो निशाणार कशाक चिकटयतास?" बाबांनी पाण्याचा पेला खाली ठेवला आणि इतिहास सुरू केला. आई वाढत होती. ती म्हणाली, "रंग झाडाचो. पाणी मी घालतंय. तुमी दोगय कढी वाडून घेवा, निवता ती." दोघंही हसले. तोवर हसणं चालू होतं, हे मला आवर्जून लिहायचं आहे.

जत्रेच्या आदल्या संध्याकाळी आई वेणी बांधत होती आणि बाबा सभेहून परतले. खूश होते, सभा भरली होती. खळ्यात उभं राहून ते वेणीकडे बघत म्हणाले, "अगं, या वर्षी तरी देवीच्या डोक्यावर पानं नकोत. नुसतं फूल शोभेल." थट्टाच होती ती. आईनं मान वर न करता "फुलाक पान लागताच" म्हटलं आणि डीर घालून गाठ मारली. बाबा हसत हात पाय धुवायला गेले. पण मी त्यांच्या मागे उभी होते, आणि मला ती थट्टा वाटली नाही. माझ्या बाबांची एक इच्छा आहे आणि आई ती ऐकत नाही, एवढंच मला दिसलं.

सकाळी आई नैवेद्याच्या खटाटोपात होती. बाबा मामाला आणायला रस्त्यापर्यंत गेले होते. मी मागच्या पडवीत ओलं फडकं सोडलं, केळीचं पान उघडलं. काय ती वेणी. अजून डोळ्यांपुढे आहे. मी एकेक डीर नखानं ओढून काढत गेले. फार सावधपणे काढली, एकही फूल दुखावलं नाही, आणि मला स्वतःचा अभिमान वाटला हे कबूल करते. शेवटी सगळी वेणी अबोलीचीच झाली, एका रंगाची, एकसंध. मी ती होती तशी गुंडाळून ठेवली आणि ओंजळभर मरवा न्हाणीतल्या चुल्यात कोंबला. ओला मरवा जळत नाही, नुसता धुमसतो, हेही मला ठाऊक नव्हतं. मला बाबांचा चेहरा बघायचा होता, देवीकडे बघतानाचा. एवढ्यासाठी केलं.

देवळात ऐन दुपारी गाऱ्हाणं सुरू झालं. गुरवानं वेणी उघडून देवीच्या मुखवट्यावर चढवली होती. पानं असली काय नि नसली काय, त्याला त्याचं काही नव्हतं. आमच्याकडची रीत अशी की देवीच्या अंगावरचं फूल उजवीकडे पडलं तर होकार, डावीकडे पडलं तर नकार. त्यासाठी वेगळा प्रसाद लावतात, पाकळ्या चिकटवतात, त्याचे नियम आहेत. पण माणसं काही नियमाची वाट बघत नाहीत. आबा गावकर, देवस्थानचे वडीलधारे, हात जोडून म्हणत होते, "गावार मोठो निर्णय येवन ठेपलोहा, माये, योग्य तां करून घे…" आणि तेवढ्यात एक फूल उजवीकडे पडलं. आबांचा आवाज चिरकला. "देवीन फूल दिल्यान रे." माणसं हात जोडून पुढे सरकली, आणि मी बाबांकडे पाहिलं. त्यांचा चेहरा मला हवा होता त्याहूनही उजळला होता. मग दुसरं फूल पडलं, तिसरं पडलं, आणि मग सैल गाठी भराभर सुटत गेल्या आणि सगळी वेणी देवीच्या खांद्यावरून ओघळून पायाशी पडली. मुखवट्यावर नुसता धागा लोंबत राहिला. मागून मामा म्हणाला, बोलू नये ते बोलून गेला, "दिल्यान नाय. टाकल्यान."

झालं. तिथेच दोन तट पडले. एकजण म्हणे होकार, दुसरा म्हणे कोप. आवाज चढत गेले आणि मग कुणाच्या तरी लक्षात आलं की वेणी सुटणं हाच मुळात अपशकुन. "वेणी कोणाची?" "मास्तरणीची." एवढ्या लोकांच्या माना आईकडे वळल्या. आई बायकांतून उठली, पुढे गेली, तिनं देवीच्या मस्तकावरचा धागा काढला. धाग्यात एकही पान नाही हे तिला हातात घेताच कळलं असणार. तिनं एकदाच वळून पाहिलं, ते थेट माझ्याकडे. मग धागा आणि फुलं पदरात गोळा करून ती आबांना म्हणाली, "माझो हात ढिलो पडलो." बस, एवढंच. आबा म्हणाले, "तर मग फुडल्या खेपेक दुसरां घर बगूक व्हया." आई मान हलवून खाली आली. मी खांबाला धरून उभी होते. पुढे होऊन एक वाक्य बोलायला हवं होतं आणि ते माझ्या तोंडून निघालं नाही. मामा आमच्याकडे न जेवता तसाच निघून गेला. जत्रेसाठी शिजवलेल्या भाज्यांच्या खतखत्याचं टोप घरात भरलेलंच राहिलं.

त्यानंतर आईनं फुलं तोडणं थांबवलं. पाणी घालायची, पण तोडायची नाही. खळ्याच्या तिन्ही कडा नुसत्या पेटलेल्या दिसायच्या, आणि दोन दिवसांनी तीच फुलं झाडावरच वाळून तपकिरी व्हायची. मी त्या खळ्यातून शाळेला जायची ते मान खाली घालून. आणि बाबा? बाबा देव मानत, पण असले कौल मानत नसत. पहिले काही दिवस ते या गोष्टीवर गप्प होते. मग सभेची माणसं येऊ लागली. "मास्तर, तां सांगा, देवीचां. लोकांक पटता." बाबा नको म्हणाले. दुसऱ्यांदा नको म्हणाले. तिसऱ्या वेळी धारगळच्या सभेत, मी पुढच्या चटईवर बसले होते, बाबांनी सांगितलं. चांगलं सांगितलं, सांगण्यात त्यांचा हातखंडा होता. पहिलं फूल उजवीकडे पडलं इथवर ते आले आणि थांबले. बाकीची वेणी त्यांनी सांगितलीच नाही. बायकांनी तिथल्या तिथे हात जोडले. मी उठून आंब्यामागे गेले आणि सकाळचा उंडा आणि चहा सगळा ओकले. ज्या माणसासारखं व्हायचं होतं त्याला मीच अर्धवट बोलायला लावलं होतं, हे मला त्या वयातही नीट कळलं.

दुसऱ्या दिवशी मी आईजवळ गेले. ती नाचणी निवडत होती. मी रडत रडत सगळं सांगितलं. तिनं सूप खाली ठेवलं नाही. "माका ठाऊक आसा," म्हणाली. "न्हाणीच्या चुल्यात मरवो गावलो माका." मी विचारलं, मग सांगितलंस का नाहीस? ती खडे वेचत म्हणाली, "मी सांगलंय तर तुझो हात गावात वायट जातलो. बारा वर्सांचो हात तो. माझो आता जून जालो." आणि मग म्हणाली, "बापायक मात तूच सांग. तां मी सांगूचंय नाय." आईवर मी त्या दिवशी खरं प्रेम केलं असं आज वाटतं. त्याआधी ती फक्त घरात असायची.

बाबा हरमलच्या सभेला निघायच्या तयारीत होते. मेजावर आरसा टेकवून दाढी करत होते. मी दारात उभी राहून सांगून टाकलं, पाठांतर म्हणावं तसं, न थांबता. त्यांनी अर्ध्या गालावरचा वस्तरा थांबवला. आरशातून माझ्याकडे बघत राहिले. मला वाटलं आता हात उगारतील. त्यांनी कधी उगारला नव्हता, पण मला ते चाललं असतं. त्यांनी विचारलं, "का काढलीस?" मी म्हटलं, "तुम्ही म्हणाला होता म्हणून." त्यांनी उरलेली दाढी केली, तोंड पुसलं, सायकल काढली. दांड्याचा तुरा वाळला होता. तो त्यांनी सोडून जनेलात ठेवला आणि गेले.

हरमलला काय झालं ते नंतर त्यांच्याच लोकांनी घरी येऊन, आवाज चढवून सांगितलं. बाबा तिथे उभे राहिले आणि म्हणाले की फुलालाच मत द्या, माझंही फुलालाच आहे, पण देवीनं काही सांगितलेलं नाही. धारगळला मी सांगितलं ते अर्धंच होतं आणि ते मी मागे घेतो. माणसांना ते आवडलं नाही. ऐन मोक्यावर मास्तरांनी घात केला असं ते म्हणत होते. बाबांनी त्यांना चहा दिला आणि पुन्हा सभेला बोलावू नका म्हणून सांगितलं. दुसऱ्या दिवशी ते देवळात गेले, मला घेऊन. आबा गावकर पायरीवर सुपारी कातरत बसले होते, आणखी चारपाच माणसं होती. बाबा म्हणाले, "आबा, माझ्या बायकोचा हात ढिला पडला नाही. वेणीतली पानं माझ्या सांगण्यावरून काढली गेली. चूक माझी आहे. मान तिचा तिला द्या." आबांनी अडकित्ता थांबवला. "मास्तर, तुमी? शिकलेली माणसां तुमी." बाबा म्हणाले, "शिकलेली माणसंच असं करतात." माझा हात त्यांच्या हातात होता. मी तोंड उघडलं तेव्हा त्यांनी तो हात दाबला, आणि मी पुन्हा गप्प बसले. त्या गप्प बसण्याला आज मी काय म्हणू? तेव्हा सुटल्यासारखं वाटलं. नंतर कधीच सुटल्यासारखं वाटलं नाही.

मतदानाच्या दिवशी आईनं कितीतरी दिवसांनी फुलं तोडली. स्वतःपुरती छोटी वेणी बांधली, मरवा घालून, आणि लुगडं नेसून शाळेकडे निघाली, कारण मतदान बाबांच्या शाळेतच होतं. मी सोबत. फाटकाशी दोन्हीकडचे कार्यकर्ते उभे. पानाकडचा एकजण म्हणाला, "मास्तरणी, डोक्यातलां फूल काडूक जाय. निशाणी ती." लगेच फुलाकडचा पुढे आला, "मग पानांय काडूक जाय." दोघांची तिथेच जुंपली. आईनं दोघांकडे पाहिलं. "दोगांनी आदी ठरवा, काय काडूचां तां. तवसर मी मत घालून येतंय." रांगेतल्या बायका फिदीफिदी हसायला लागल्या, आणि आई डोक्यातल्या फुलापानांसकट आत गेली. मत कुणाला दिलं ते तिनं शेवटपर्यंत सांगितलं नाही. बाबांनी विचारलं नाही. मी एकदा विचारलं तर म्हणाली, "जेवलंस मा?"

निकाल सगळ्यांना ठाऊक आहे. आमच्या बाजूला फुलाला भरघोस मतं पडली, पण सगळ्या गोव्याची मिळून पानं जिंकली. ज्या दिवशी ते कळलं त्या दिवशी बाबा शाळेतून आले, खळ्यात बाकावर बसले आणि अंधार पडेपर्यंत उठले नाहीत. त्यांच्या आयुष्याचं जे मधलं खोड होतं ते कुणीतरी कापून नेलं होतं. आज माझी मतं वेगळी आहेत, मामाच्या जवळची म्हणा, पण त्या बाकावरच्या माणसाला हसणाऱ्याला मी माफ करणार नाही. आई त्यांच्या शेजारी जाऊन बसली.

पुढच्या जत्रेआधी आबांचा निरोप आला: वेणी मास्तरणीच्याच हातची. मामाला बाबांनी स्वतः पत्र लिहून बोलावलं. तो आदल्या दिवशीच आला, तांबडी धूळ झटकत, आणि आल्या आल्या कढी आहे का म्हणून विचारलं. संध्याकाळी आई आंघोळ करून खळ्यात बसली. सूपभर अबोली तिच्यापुढे. बाबा मागल्या बाजूला गेले आणि मरवा घेऊन आले. खाली बसून ते एकेक डीर खुडून, दोन पानांची, नीट देठ साफ करून सुपाच्या कडेला लावू लागले. मामा बघत होता.

आईनं धागा ओला केला. आपल्या अंगठ्याला अडकवण्याऐवजी तिनं माझा पाय ओढून घेतला आणि तो माझ्या अंगठ्याला अडकवला. "बांद," म्हणाली. मी म्हटलं, आई, मला येत नाही. मी म्हटलं, आई, नको. ती म्हणाली, "येता. खंयचां पान खंय आसता तां तुझ्याइतक्या कोणाक ठाऊक आसा?" पहिल्या चार गाठी तिनं सोडवून परत मारायला लावल्या. बाबा मान खाली घालून माझ्या हातात डीर ठेवत गेले, मी फुलं धरत गेले, आणि आई फक्त बघत राहिली. दिवे लागले तेव्हा वेणी पुरी झाली होती.

दुसऱ्या दिवशी ती देवीवर चढली. गावाला वाटलं, मास्तरणीची. तिसऱ्या दिवशी सकाळी गुरवानं ती उतरवून आईच्या हातात दिली. फुलं सुकली होती, रंग थोडा गडद झाला होता. आईनं ती घरी आणली, माझ्यापुढे धरली आणि टोकाला धरून जोरात झटकली. एकही फूल सुटलं नाही.

आबा गावकर गेले, गुरव गेला, आई-बाबा गेले, मामाही गेला. पहिल्या वर्षी वेणीतली पानं कुणी काढली आणि पुढच्या वर्षी वेणी कुणी बांधली, हे गावात कुणाला कधीच कळलं नाही. दोन्ही वेळा मीच.